किमान वेतन वाढवा म्हणून युनियनच का भांडते?

प्रश्न:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय. युनियनच्या मेंबरांना बहुतेक ठिकाणी किमान वेतनापेक्षा जास्तच पगार असतो, मग ते वाढवा म्हणून मोर्चे तेच का काढतात? आणि स्वीडन, डेन्मार्कच्या युनियन तर कायद्याने किमान वेतन ठरवायलाच विरोध करतात, २०२२ला युरोपियन युनियनचा नियम आला तेव्हाही केला. कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १:
खालची पायरी वर सरकली की वरच्यांनाही बोलणी करताना जोर येतो. शिवाय बाजूलाच कंत्राटी माणूस निम्म्या पगारात मिळत असेल तर मालक पर्मनंट कशाला ठेवेल? स्वीडनमध्ये युनियन आणि मालकांच्या संघटना करार करूनच पगार ठरवतात, दहातले जवळपास नऊ कामगार त्यात येतात. आकडा सरकारच्या हातात गेला की तो कुणीही गोठवू शकतं ही त्यांची भीती, आणि ती खरी आहे. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा किमान दर जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच अडकलाय, महागाईशी जोडलेलाच नाही, वाढवायचा तर दर वेळी नवा कायदा पास करा.

प्रतिसाद २:
पण वाढवलं की नोकऱ्या जातात ना? छोटा मालक कुठून देणार?

प्रतिसाद ३:
हे दर वेळी ऐकते. १९९२ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५चे ५.०५ डॉलर केले, कार्ड आणि क्रुगर या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फास्टफूडवाल्यांशी ताडून बघितलं तर नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. त्यावर वाद अजून चालू आहेत, आणि एकदम मोठी उडी मारली तर छोट्यांना जड जाईल हे मलाही पटतं.
पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मी सफाईच्या कंत्राटात सहा वर्षं काढली. दर वाढल्याचा कागद भिंतीवर लागला आणि त्याच महिन्यात स्लिपवर माझे आठ तासांचे सहा तास झाले, मजले तेवढेच, बादल्या तेवढ्याच. विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, जमत नसेल तर सोड. मग आम्ही अकरा जणींनी आल्या-गेल्याची वेळ रोज वहीत लिहिली, युनियनकडे नेली, तेव्हा कुठे तीन महिन्यांचा फरक हातात पडला. कायदा आधीपण होताच की, पण एकटीला कोण विचारतं?

प्रश्नकर्ता:
आमच्याकडे तर स्लिपच देत नाहीत ताई, मग?

प्रतिसाद ३:
मग तर आजपासूनच लिही. तारीख, आलास कधी, सुटलास कधी, हातात किती दिले. आणि बरोबरच्या दोघा-तिघांनाही लिहायला लाव.