फिंचच्या मादीचं अंडं अडकलं होतं, आता मडकं काढू की नको? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. गेल्या दिवाळीत झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी आणली. फेब्रुवारीपासून मादीची ही चौथी वीण. दुकानदार म्हणाला होता, अंडी घालायचं मडकं पिंजऱ्यात कायम लावून ठेवा, पक्षी खूश राहतात. मी ऐकलं.

परवा सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर ती तळाला, कागदावर बसलेली. अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले, श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. एरवी हात आत गेला की वरच्या दांडीवर उडते, ती हललीसुद्धा नाही. पोटाच्या खालच्या बाजूला फुगवटा दिसत होता. पक्ष्यांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, पोट दाबू नका, ऊब द्या आणि दोन-तीन तासांत अंडं पडलं नाही तर घेऊन या. पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून चाळीसचा बल्ब लावला, दुसरी बाजू मोकळी ठेवली, म्हणजे तिला नको वाटलं तर सरकता येईल. दीड तासानं अंडं पडलं. त्याला कवचच नव्हतं, नुसता पापुद्रा. बोट टेकवलं तर खड्डा पडला. बारा-तेरा ग्रॅमचा जीव तो, आणि एकेक अंडं ग्रॅमभराचं. फार वाईट वाटलं, माझ्यामुळंच तिला हे सोसावं लागलं.

आता ती राळे खाते, पाणी पिते. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पहिल्यापासून लावलेला आहे, मग कवच का धरलं नाही? मडक्यात आधीची दोन अंडी आहेत. नर अजून काथ्या नेऊन त्यांच्यावर रचतोय. मडकं आजच काढलं तर ती तळाला अंडी घालेल का? आणि पुढची वीण थांबवायची कशी?

प्रतिसाद १
ताई, ऊब देऊन योग्य केलंत. समुद्रफेस असूनही असं होतं, कारण कॅल्शियम अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हातून मिळतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्यासाठी चालत नाही. आपल्याकडे जूनपासून ऊन दिसतंय कुठं? पाण्यातून द्यायचं ड-३ डॉक्टरांकडून घ्या, मात्रा तेच ठरवतील. त्यात लागोपाठ चार विणी, अंगातला साठा संपणारच.

मडकं एवढ्यात काढू नका. अंडी गेली की ती परत घालायला लागते. दोन्ही अंडी उकळून पूर्ण गार करा आणि परत ठेवा. ती बसेल, दोन-तीन आठवड्यांनी कंटाळून सोडेल, तेवढीच विश्रांती. मग मडकं काढा. काथ्या मात्र आजच काढा, नाहीतर नर अंड्यांवर नवं घरटं रचतो आणि मादी त्यावर पुन्हा घालते. माझ्याकडे हे दोनदा झालंय. उकडलेलं अंडं, भिजवलेलं धान्य बंद करा, त्यानं वीण वाढते. रात्री दिवा लवकर घालवा, बारा तास अंधार मिळू दे.

अजून एक. राळे लक्ष्मीपुरीच्या बाजारातून एकदम पाच किलो आणत असाल तर या हवेत नका आणू. थोडे आणा, वास घेऊन बघा, कुबट आला तर टाकून द्या. बुरशीचं धान्य या पक्ष्यांना फार बाधतं.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. राळे खरंच डब्यात तळाला दमट झाले होते, सगळे टाकले. काथ्या काढला. अंडी उकळून वाटीत गार करत ठेवलीत. ती आत्ता वरच्या दांडीवर आहे, पिसं अंगाला चिकटून बसलीत. एकच विचारायचं राहिलं: मडकं काढल्यावर नर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवला तर चालेल का? शेजारी, दिसेल असा? एकट्यानं ती खाणं सोडेल याची भीती वाटते.