भाषा आधी हातांत आली की तोंडात? आणि दुसऱ्या टोळीची परकी भाषा माणसाला पहिल्यांदा कळली कशी?

पूर्वभाग_सोलापूर: माझं मत, हातवारे आधी. १९३० च्या दशकात सोनं शोधत ऑस्ट्रेलियन लोक पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत शिरले. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, तरी शिंपले देऊन डुकरं आणि रताळी घेतली. आपल्याकडं अक्कलकोटहून येणारी भाजीवाली मावशी कन्नड बोलते, गिऱ्हाईक मराठी. भाव बोटांवर ठरतोच की.

कडक_भाकरी: भाव ठरला म्हणजे भाषा कळली का बे? "मागचे वीस राहिलेत, पाऊस पडला तर पुढच्या बाजारी देतो" हे दाखव बोटांनी! आफ्रिकेतली व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात. इस्राएलच्या केबारा गुहेत १९८३ मध्ये निअँडरथल या लोप पावलेल्या मानवजातीतल्या माणसाचा सांगाडा मिळाला, सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या गळ्यातलं जिभेखालचं हाड जवळपास आपल्यासारखंच आहे. तोंडच आधी.

पूर्वभाग_सोलापूर: हाड आहे म्हणून तो बोलत होता, हे कुठं सिद्ध झालं? माकडांचे आवाजही तेवढेच, त्यांची वाक्यं होत नाहीत. आणि उधारी बोटांनी मागता येते. मूकबधिरांच्या सांकेतिक भाषांत 'जर-तर', काल-उद्या सगळं आहे. निकाराग्वात १९७७ नंतर बहिरी मुलं शाळेत एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते, पोरांनी आपसांत वेगळीच भाषा उभी केली.

भीमाकाठ: दोघंही मुद्दा सोडून भांडताय. निकाराग्वात व्याकरण घट्ट केलं ते नंतर आलेल्या लहान पोरांनी. परकी भाषाही आधी पोरांनाच कळली असणार. दुसऱ्या टोळीतली सून आली, तिची लेकरं दोन्हीकडचं बोलायला लागली. सोलापूरच्या पूर्व भागात बघा, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि शिकवणी कुणी लावलेली नाही.

कडक_भाकरी: माझे आजोबा पंचविशीत तेलंगणातून मागावर आले. लग्नाआधीच मराठी शिकले, मुकादमाच्या शिव्या कळाव्यात म्हणून. गरज पडली की मोठी माणसंही शिकतात.

भीमाकाठ: शिकले, पण मराठी बोलताना तेलुगू हेल गेला का? तुमच्या वडिलांच्या बोलण्यात तो आहे का, एवढंच सांगा.

निवांत_माणूस: पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं १८६६ मध्ये भाषा कशी जन्मली या विषयावर बंदीच घातली होती. शहाणी माणसं.

पूर्वभाग_सोलापूर: तेव्हा ना केबाराचं हाड मिळालं होतं, ना निकाराग्वाची पोरं जन्मली होती. आज बंदी कशाला? आणि भाकरीराव, वडिलांच्या हेलाचं उत्तर राहिलंय.