कापडी साच्यावर २० मिमीचं वळणदार छत: कापड, जाळी, मिश्रण कोणतं?

घोडबंदर_साइट:
ठाण्यात सोसायटीच्या बागेत ३ × ३ मी.चं हायपर (खोगिरासारख्या, दोन दिशांना उलट वळलेल्या) आकाराचं छत करायचं आहे. समोरासमोरचे दोन कोपरे २.४ मी.वर, उरलेले दोन ३.३ मी.वर, चारही कोपऱ्यांखाली पोलादी खांब. लाकडी चौकटीवर कापड ताणून त्यावर जाळी घातलेलं २० मिमी मॉर्टर, कडा ५० मिमी जाड. कापड म्हणून ताडपत्री किंवा गोणपाट, प्लास्टरची १४५ जीएसएम (चौरस मीटरला १४५ ग्रॅम) फायबर मेश आणि कडेत ८ मिमी टीएमटी (पोलादी सळई) असा विचार आहे. माल किती लागेल? कुठे चुकू शकतं?

ताण_आणि_पीळ:
ताडपत्री नको. तिच्यातून पाणी-हवा बाहेर पडत नाही, त्यामुळे खालच्या, म्हणजे नेमक्या दिसणाऱ्या अंगाला बुडबुड्यांचे खड्डे पडतात. गोणपाट ओलं झालं की सैल पडतं, मॉर्टरला चिकटतं आणि पावसात कुजतं. विणलेलं पॉलिप्रॉपिलीन जिओटेक्स्टाइल (मातीकामात वापरतात ते प्लास्टिक धाग्याचं कापड) घ्या. जास्तीचं पाणी झिरपू देतं आणि नंतर सोलून निघतं.

खरी मेहनत ताणण्यात आहे. उभे-आडवे धागे चौकटीच्या कडांना समांतर ठेवा. हायपरवर त्या दिशेच्या रेषा सरळच असतात, म्हणून धागा सरळ बसतो आणि सगळा पीळ कर्णाच्या दिशेने कापड सरकून जिरतो. तिरकं लावलंत तर कोपऱ्यातून चुण्या निघतात, आणि त्या काँक्रीटवर कायमच्या उमटतात. प्रत्येक कडेच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जात लाकडी पट्टी ठोका, दर १०० मिमीला स्क्रू.

२० मिमी ओलं मॉर्टर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४५ किलो. एकदम टाकलं तर मधे झोळ येतो. आधी सिमेंट, बारीक वाळू आणि एसबीआर लॅटेक्सचा (सिमेंटची पकड वाढवणारं रबरी द्रव) ३ मिमी हात द्या, दोन दिवस त्यावर कोणी टेकूही नये. तो कडक झाला की पुढचं वजन तोच पेलतो. मेक्सिको सिटीत २०१८ साली उभारलेल्या निटकँडेला या काँक्रीटच्या पातळ कवचामध्येही विणलेलं कापड आधी अशाच पातळ सिमेंटच्या थराने ताठ करून घेतलं होतं.

मिक्स_तळोजा:
प्लास्टरची मेश बहुधा ई-ग्लासची (साध्या काचतंतूची) असते, सिमेंटच्या अल्कलीत ती कमकुवत होत जाते. एआर (अल्कली सोसणारी) ग्लास मागा, झिर्कोनिया १६ टक्के किंवा जास्त असल्याचा कागद घ्या. भोक किमान १० मिमी हवं. ५ मिमीच्या भोकातून मॉर्टर नीट उतरत नाही, दोन थर सुटे राहतात आणि ठोकल्यावर पोकळ वाजतं.

एका गोणीला: ५३ ग्रेड सिमेंट ५० किलो, मायक्रोसिलिका (अतिबारीक सिलिका पूड) ५ किलो, २.३६ मिमी चाळणीतून काढलेली धुतलेली क्रश सँड ८० किलो, एकूण पाणी १९ लिटर (वाळूतला ओलावा वजा करून), पीसीई (कमी पाण्यात माल पातळ ठेवणारं रसायन) साधारण ४५० ग्रॅम. यातून ६७-६८ लिटर माल निघतो. छताचं क्षेत्रफळ ९.३ चौ.मी., कडा आणि वाया जाणारा माल धरून २४५ लिटर, म्हणजे चार गोण्या. धूळ असलेली वाळू पाणी मागते. ते पाणी दिलंत की आकुंचनाचे तडे ठरलेले.

थर: ५ मिमी माल, जाळी दाबा, ६ मिमी, दुसरी जाळी, वर ६ मिमी. सगळं ओल्यावर ओलं, एकाच दिवशी. जाळीचा सांधा २०० मिमी, दोन्ही थरांत वेगळ्या जागी.

टीएमटी काढून टाका. खाडीच्या खाऱ्या हवेत तिला ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) लागेल, ते ५० मिमीच्या कडेत कुठून आणणार? जीएफआरपी (काचतंतू आणि रेझिनची, न गंजणारी) सळई वापरा. ती साइटवर वाकवता येत नाही, पण हायपरच्या कडा सरळच आहेत.

घोडबंदर_साइट:
जाळीचे दोन थर खरंच लागतात? वजन तर फार नाही.

कवच_गणित:
वजन कमी आहे म्हणूनच लागतात. स्वतःच्या भाराने कवचात ताण जेमतेम ०.०६ एमपीए (चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून थोडा जास्त) येतो, आणि तो उंच कोपऱ्यांना जोडणाऱ्या कर्णावर. पण मुंबई परिसराचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मी./से. आहे, म्हणजे दाब चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास. उघड्या छताला तो वर उचलतो, ताणाची दिशा पालटते आणि दुसरा कर्ण ओढला जातो. म्हणून दोन्ही अंगांजवळ एकेक जाळी, जाळीचे धागे कर्णांच्या दिशेने, आणि खांबांचे अँकर उचल धरून मोजलेले.

खालच्या दोन कोपऱ्यांत नुसत्या वजनानेच बाहेरच्या दिशेने प्रत्येकी अर्ध्या टनाच्या आसपास जोर येतो. त्यांच्यामध्ये टाय (दोघांना बांधून ठेवणारी सळई) हवाच, नाहीतर खांब फाकतात. हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही करून घ्या.

सात दिवस ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक. चौदा दिवसांनी टेकू काढताना कडांच्या मध्यापासून, समोरासमोर जोडीने, थोडे थोडे सैल करा. एकाच बाजूचे आधी काढलेत तर कवच वाकतं आणि कडेजवळ तडा जातो.