मतभेदाला उत्तर म्हणून शुद्धलेखन काढणाऱ्यांसाठी

वर्धाकाठ : "ज्यांना चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत, त्यांनी मते मांडू नयेत, टिळक-आगरकरांच्या सभ्य वादांचा वारसा सांगणाऱ्यांना हे शोभत नाही," असे काल या ऑनलाइन चर्चागटावर कोणी लिहिले आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला. मला ते वाचून राहवले नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढणारे हे दोघे मित्र पुढे इतके दुरावले की आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. भाषा शुद्ध असली की वाद सभ्य होतो, हे त्या काळानेच खोटे ठरवले आहे.

पूर्वपक्ष : प्रेतयात्रा सांगितलीत, पण १८९५ मध्ये आगरकर गेल्यावर 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला, हे मात्र गाळलेत. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे नुसते खोडून काढणे ती वितंडा. आपण सोयीचा तेवढाच इतिहास सांगत आहात.

मुद्रितशोधक : तो कालचा मजकूर माझा आहे. तीस वर्षे मी मुद्रिते, म्हणजे छपाईआधीचे कच्चे छाप, तपासली. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी चुकली की अर्थ चुकतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून सर्वांसमोर आहेत. लिहिण्याआधी ते पाहण्याचे कष्ट न घेणे, हाच मला वाचकाचा अपमान वाटतो, आणि त्याबद्दल येथे कोणीच बोलत नाही.

वर्धाकाठ : मग अपमान कशाला म्हणतात ते ऐका. माझे काका यवतमाळकडे कापूस करतात. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच झाड ठेवून घेतलेले पुढचे पीक, घ्यावी की नाही यावर येथे चर्चा चालली होती. फरदड ठेवली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उपटा, एवढेच त्यांना सांगायचे होते. एका बोटाने टंकत त्यांना अर्धा तास लागला; चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. पहिले उत्तर आले, "आधी 'पाणी' लिहायला शिका, मग शेती शिकवा." त्यांनी 'पानी' लिहिले होते, कारण आमच्याकडे पानीच म्हणतात. त्यांनी काही न बोलता मजकूर पुसून टाकला. बोंडअळीबद्दल त्यानंतर कोणी अक्षर लिहिले नाही.

सह्याद्रीपार : बोली आणि लेखन यांत फरक असतो, एवढेही समजत नसेल तर अशा लोकांनी दुसऱ्याकडून लिहून घ्यावे. प्रत्येक चुकीला बोलीचे पांघरूण घालणे थांबवा.

वर्धाकाठ : "अशा लोकांनी" म्हणजे कोणी? स्पष्ट लिहा. ज्यांचा कापूस तुमच्या अंगावर आहे त्यांनी का?

पूर्वपक्ष : दोघांनीही आवाज खाली आणावा. वर्धाकाठ, आपल्या पहिल्या मजकुराशी मी अजूनही सहमत नाही. परंतु काकांना मिळालेले उत्तर ही वितंडाच होती, हे मला मान्य करावे लागते. फरदडीबद्दल त्या उत्तरात एक शब्दही नव्हता.

मुद्रितशोधक : ते उत्तरही माझेच होते. मी 'पानी' पाहिले आणि पुढचे वाचलेच नाही. नियमांविषयीचे माझे मत बदललेले नाही, बदलणारही नाही. मात्र छापखान्यात लेखकाचा मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय मी कधी खूण केली नव्हती, आणि येथे केली. काकांनी तो मजकूर पुन्हा द्यावा. दुरुस्ती सुचवायची झाली तर मी त्यांना खासगीत विचारून सुचवेन.

वर्धाकाठ : त्यांना फोनवर वाचून दाखवतो. पुन्हा लिहायचे की नाही, ते तेच ठरवतील.