'गहाळ' आणि 'चोरी' यांतला फरक

पोलिसांवरच्या विश्वासाच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की चोरी झाली तरी लोक तक्रारच देत नाहीत, मग पोलिसांना दोष का द्यायचा? मला हे पटत नाही. लोक ठाण्यापर्यंत जातात, विश्वास तुटतो तो तिथल्या टेबलावर.

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या शेजारच्या काकूंचा मोबाईल भाजीबाजारात पर्समधून काढला गेला. ठाण्यात त्यांना 'गहाळ झाला' असं लिहून द्यायला सांगितलं. गहाळ म्हटलं की गुन्हा नाही, तपास नाही आणि ठाण्याची आकडेवारीही स्वच्छ! काकू आता म्हणतात, परत पायरी चढणार नाही. अशी माणसं पुढे साक्षीलाही येत नाहीत, हे नुकसान फार मोठं आहे.

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्येच सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते (आपल्या शहरात आयुक्तालय आहे, म्हणजे उपायुक्तांकडे). तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत.

बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या शिपायावर माझा राग नाही. पण फौजदार घडवणारी राज्याची पोलीस अकादमी आपल्याच त्र्यंबक रोडवर आहे, खरी नोंद करायचं वळण तिथेच लागायला हवं. वर्षाअखेरीस गुन्ह्यांचा आकडा कमी दिसला की ठाण्याची पाठ थोपटली जाते, ती पद्धत आधी बंद करा. आकडा वाढला तरी चालेल, नोंद खरी हवी.