मदत हवी आहे: २ हेक्टर पडीक उतारासाठी स्थानिक बी कुठून आणि किती घ्यावं?

मुरमाड उतार आहे, वरची माती जेमतेम १० सेंमी. गवत, झुडपं आणि थोडी झाडं परत आणायची आहेत. गवताचं बी हेक्टरी ४ किलो धरलंय. विकत घ्यावं की गोळा करावं?

उत्तर १
आधी ते ४ किलो कशाचे ते ठरवा: पोत्यातल्या मालाचे की जिवंत बियांचे? गवताच्या बियांत फोलपटं, कुसळं, काड्याच फार. शुद्धता ४०% आणि उगवण ५०% असेल तर गुणाकार २०%. म्हणजे दोन हेक्टरला मिळून ८ किलो जिवंत बी हवं तर माल ४० किलो लागेल. नुसता किलोचा भाव बघून घेणारे इथेच फसतात.

विक्रेत्याकडून प्रत्येक लॉटची शुद्धता, उगवण चाचणीची तारीख, गोळा केल्याचा महिना आणि मुख्य म्हणजे जागा लेखी घ्या. जागा सांगता येत नसेल तर 'स्थानिक' या शब्दाला काही अर्थ नाही. किती किलोमीटरवरून आलं यापेक्षा पाऊस, उंची, माती जुळते का ते बघा.

स्वतः गोळा करणार असाल तर जमीनमालकाची परवानगी घ्या. दर जातीची निदान ५० झाडं निवडा, तीही लांबलांबची. शेजारशेजारची बहुधा भावंडं असतात. पिकलेल्या बियांपैकी २०% हून जास्त उचलू नका.

उत्तर २
झाडांच्या बाबतीत एक भर. जांभळाचं बी वाळलं की मरतं. ते साठवायच्या भानगडीत पडू नका, गर धुऊन लगेच पेरा. कडुनिंबही काही आठवडेच टिकतो. बाभळीचं उलट: टणक साल, वर्षानुवर्षं टिकतं. उकळतं पाणी आचेवरून उतरवून त्यात बी टाका आणि २४ तास राहू द्या. फुगलेलं पेरा, न फुगलेल्यावर पुन्हा तेच करा. आचेवर ठेवून उकळलंत तर बी शिजेल. शेंगांतल्या बियांना बारीक भोकं दिसली तर आत भुंगेरा आहे, तो लॉट वेगळा काढा.

प्रश्नकर्ता
आभार. गवताचं ताजं बी कापलं तर दाणा भरलेला दिसतो, पण ओल्या कागदावर १०० पैकी ९ च उगवले. बी मेलंय का?

उत्तर १
लगेच फेकू नका. बऱ्याच गवतांचं ताजं बी सुप्त असतं, काही महिने कोरडं ठेवल्यावर उगवण वाढते. कापडी पिशवीत, सावलीत ठेवा. ओलसर बी प्लास्टिकमध्ये बांधलं तर बुरशी धरते. पेरणीच्या महिनाभर आधी पुन्हा १०० दाणे लावा आणि मालाचा हिशेब त्या आकड्यावर करा.