मदत हवी आहे: ‘इन वांदाज रूम’च्या मराठी सबटायटल्सबद्दल

पोर्तुगीज दिग्दर्शक पेद्रो कोस्ताच्या या चित्रपटाला (2000, लिस्बनची फोंताइन्यास वस्ती) मराठी सबटायटल्स जोडायची आहेत. वेळेचा घोळ सुटला: व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा, सबटायटल्स 24 ची, म्हणून ओळी तासाला जवळपास अडीच मिनिटं मागे पडत होत्या. सगळ्या वेळा 0.96 ने गुणल्या की जुळतं, नुसतं सरकवून नाही.

अडलंय शब्दांवर. वांदा पन्नीवर हेरॉइन ओढते, खोकत खोकत बोलते. तिथे ‘गर्द’ चालेल? ‘अमली पदार्थ’ म्हणजे पोलिसांची प्रेस नोट. ‘गर्दुल्ला’ म्हटलं की थेट मुंबईतला पुलाखालचा कोपरा. शिवाय माणसं स्वतःचीच भूमिका करताहेत, शिवीसारखा शब्द नको.

दुसरं: प्लेअरमध्ये नीट दिसणारी जोडाक्षरं व्हिडिओवर छापताना फुटतात. फाइल यूटीएफ-8 मध्येच (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) आहे. फॉन्ट कोणता वापरता?